हरकत कसली

बेहाला, कोलकाता
रविवार, ८ डिसेंबर २०२४

ती. मीनावहिनींस,
विनीताचा नमस्कार.

पत्र पाहून तुम्ही चकित व्हाल. संक्रांतीला आणि दिवाळीला आपण फोनवर बोलतो, तब्येती विचारतो, मिरजेत पाऊस किती झाला आणि इथे थंडी पडली का, एवढं झालं की ठेवतो. या वेळी फोनवर जमणार नाही, म्हणून लिहायला बसले. हे चौथं पत्र. आधीची तीन अर्ध्यावर टाकली.

इकडचं सगळं ठीक. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, तरी रोज सकाळी बाजारापर्यंत चालत जातात. मासे न खाणारा हा एकच माणूस मासेवाल्यांशी अर्धा तास गप्पा मारतो आणि पालक घेऊन परत येतो. खजुराचा नवा गूळ आलाय. मेट्रो आमच्या इथपर्यंत आली, त्यामुळे माझा सॉल्ट लेकच्या ऑफिसचा प्रवास थोडा सोपा झाला. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असेल. मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितेय.

दादा गेले तेव्हा आम्ही आलो होतो, त्या वेळी तुम्ही मला विचारलं होतंत, "या वयात तुला नोकरी कशाला गं?" तेव्हा मी हसून विषय टाळला. आता सांगते, कारण पुढचं सगळं त्या नोकरीतच सुरू झालं.

शाळेतली नोकरी सोडल्यावर मला एका लहानशा कंपनीत काम मिळालं. चीनमधली माणसं मोबाइलवर इंग्रजी शिकतात, त्यांच्यासाठी इथे धडे तयार होतात. माझ्याकडे क्रियापदं असतात. एका क्रियापदाला एक पान. त्याचा अर्थ काय, ते आलं कुठून, वापरायचं कसं आणि शिकणारा कुठे घसरतो. इंग्रजी मी लिहिते, चिनी भाग ॲग्नेसदी लिहितात. ॲग्नेसदी इथल्याच, टांगऱ्याच्या चिनी वस्तीतल्या. पणजोबा चीनमधून आले आणि चामड्याच्या धंद्यात स्थिरावले. माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या, बंगाली माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्या भातावर घालून खातात आणि दर सोमवारी विचारतात, "आणलीस ना?"

सप्टेंबरात, पूजेच्या आधी, आमच्या वाट्याला 'माइंड' हे क्रियापद आलं.

आपण मराठीतसुद्धा म्हणतो, "माइंड करू नका हं." मला वाटलं तासाभरात पान होईल. चार दिवस लागले. हा शब्द इंग्रजीत हजार वर्षांपूर्वीपासून आहे आणि तेव्हा त्याचा अर्थ होता आठवण. क्रियापद म्हणून आला तोही आठवण ठेवणे या अर्थानेच. स्कॉटलंडकडे अजून तसं म्हणतात म्हणे. मग अर्थ झाला लक्ष ठेवणे. पायरी आहे, जपून. त्यातून सांभाळणे. दुकान सांभाळ, मूल सांभाळ. आणि मग मनाला लागणे, हरकत असणे. आपलं मन आणि त्यांचं माइंड एकाच मुळातून फुटलेत, हेही मला तेव्हाच कळलं. तीस वर्षं इंग्रजी शिकवून माहीत नव्हतं.

शिकणारी चिनी माणसं घसरतात ती होकार-नकारात. इंग्रजीत विचारतात, "मी इथे बसले तर तुमची हरकत नाही ना?" अशा थाटात, पण शब्द असे की "हो" म्हटलं तर हरकत आहे, आणि "नाही" म्हटलं तर बसा. आमच्या चाचणीतल्या एका मुलाने बाईंना हसत हसत उत्तर दिलं, "हो हो, अवश्य!" म्हणजे त्याच्या मते बसा, इंग्रजीत मात्र त्याने बाईंना उभंच ठेवलं. आम्ही दोघी खूप हसलो. ॲग्नेसदी म्हणाल्या, "आमच्यात ज्येयी म्हणतात. मनात धरणं. तेही विचारतात आणि समोरचा नाही म्हणतो. पण माझी आई कधी विचारायची नाही. तोंडाकडे बघायची."

मी उदाहरणाची वाक्यं लिहिली. खिडकी उघडण्याचं एक, खुर्ची घेण्याचं एक, आणि तिसरं: मी मुलाला घरी नेलं तर तुमची हरकत आहे का? छे, मुळीच नाही.

ॲग्नेसदींनी तिसऱ्या वाक्यावर पेन ठेवलं.

"हे कुठून आलं?"

"सुचलं."

"मुळीच नाही, असं कोण म्हणतंय? बाई की पुरुष?"

"बाई."

"मूल कोणाचं?"

मी पुढचं पान उलटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग कामाच्या आवाजात म्हणाल्या, "विनीता, हे काढ. हिची हरकत खरंच नाही का, ते या वाक्यातून कळत नाही. शिकणाऱ्याला चुकीचं शिकवशील."

मी ते वाक्य काढलं. त्याजागी दार लावण्याचं घातलं.

वहिनी, ते वाक्य तुमचं होतं, हे तुम्ही ओळखलंच असेल.

जून एकोणीसशे नव्व्याण्णव. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून केदारच्या शर्टाला बटण लावत होतात. मी दारात उभी होते. मी म्हणाले, "वहिनी, आता ह्यांची बदली कलकत्त्याला झालीय, तिथे चांगल्या शाळा आहेत. नेते त्याला. तुमची काही हरकत नाही ना?" तुम्ही दातांनी दोरा तोडलात आणि म्हणालात, "हरकत कसली? तुझाच तर आहे." मी लगेच बॅगा भरायला गेले. तुमच्या तोंडाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला थांबावं लागलं असतं, हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

मी त्याला तुमच्या मांडीवर दिलं तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता. मला क्षय झाला होता, बाळाला जवळ घ्यायचं नव्हतं, दुसरा इलाज नव्हता. हे सगळे जाणतात आणि मीही सगळ्यांना हेच सांगत आले. पण मी वर्षभरात बरी झाले होते, वहिनी. पुढची साडेचार वर्षं ह्यांच्या नोकरीच्या गावी आसामात शाळा नाही, क्वार्टर लहान, बदली कधीही होईल, अशी मी कारणं देत राहिले. खरं म्हणजे ते सोयीचं होतं. दर मे महिन्यात यायचं, तयार आंघोळ घातलेलं मूल बघायचं आणि परत जायचं. गोवर तुम्ही काढलात. तो बोलायला तुमच्याकडे शिकला. मोठी आई म्हणता येईना म्हणून 'मोठाई' म्हणायला लागला, ते मला तुमच्या पत्रातून कळलं.

आणि मग एक दिवस तो मला काकू म्हणाला, आणि त्याला घरी न्यायचं मी त्याच रात्री ठरवलं.

पुण्याहून दोन रात्रींचा प्रवास. पहिल्या रात्री तो रडला नाही. दुसऱ्या दिवशी नागपूर गेल्यावर त्याने विचारलं, "मोठाई कुठल्या स्टेशनवर चढणार?"

आता जे लिहायचं ते लिहिते.

पहिले दोन-अडीच महिने तुम्ही रविवारी सकाळी बूथवरून फोन करायचात. फोन झाला की तो जेवायचा नाही. मग एका रविवारी मी त्याला खाली खेळायला पाठवलं आणि तुम्हाला सांगितलं, "वहिनी, तो आता रमलाय. तुमचा आवाज ऐकला की बिथरतो. काही दिवस फोन नका करू." तुम्ही "बरं" म्हणालात. पलीकडे तुमची मिनिटं पडत होती आणि तुम्ही काही बोलत नव्हतात, आणि मी फोन ठेवला.

तो रमला नव्हता. रविवारी तो फोनच्या शेजारी स्टूल ओढून बसायचा. "मोठाईचा फोन का नाही?" मी सांगितलं, मोठाईला काम असतं. पुढच्या रविवारी परत तेच. "अजून काम आहे?" हो, अजून आहे.

मग तुमची पत्रं यायला लागली. अकरा पत्रं, निळी, 'चि. केदार' असं तुमच्या ठसठशीत अक्षरात. पपईला फळ धरलं. मनीला तीन पिल्लं झाली, एक अगदी पांढरं. तुझा पाट कोणाला देत नाही. त्यातलं एकही मी त्याला दाखवलं नाही. पोस्टमन दुपारी यायचा, तो शाळेत असायचा. वाचून घडी करायची आणि लग्नाच्या शालूत ठेवायची. सातव्या पत्रात तुम्ही मला वेगळी ओळ लिहिली होतीत: "विनीता, तो माझी आठवण काढतो का गं? खरं सांग." त्याला मी उत्तर लिहिलं. "आता नाही काढत. मुलं लवकर विसरतात."

वहिनी, ते खोटं होतं. त्याने तुमची आठवण रोज काढली.

वीस जानेवारीला त्याचा सातवा वाढदिवस होता. सकाळी उठून त्याने आपला आपण भांग पाडला, बूट घातले आणि दाराबाहेर जिन्यात जाऊन बसला. मी म्हटलं, आत ये, औक्षण करायचंय. तर म्हणाला, "मोठाई येणार आहे. वाढदिवसाला ती कुठेही असली तरी येते." कोणी सांगितलं त्याला? कोणीच नाही. त्याने स्वतः ठरवलं होतं. शेजारच्या बंगाली आजी दोनदा डोकावून गेल्या. त्याला गोड खायला संदेश दिला, तो त्याने हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. अर्धा तुमच्यासाठी ठेवला होता. दुपारी तीनला आत आला, बूट काढून जागेवर ठेवले, हात धुतले आणि मला म्हणाला, "आई, जेवायला दे."

त्याने मला पहिल्यांदा आई म्हटलं ते त्या दिवशी. मी आनंदाने रडले. मी इतकी आंधळी होते की मला ती जीत वाटली. त्यानंतर त्याने मोठाई हा शब्द कधी उच्चारला नाही.

त्यानंतर सगळं सोपं गेलं. मिरजेला यायचं असलं की त्याची परीक्षा असायची, क्लास असायचा, शिबिर असायचं. पुण्याला वन्संच्या अमेयच्या लग्नात तुम्ही त्याला बघितलंत तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. तुम्ही विचारलंत, "ओळखलंस का रे?" त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "हो, काकू." मी चार पावलांवर उभी होते. तुम्ही हसून त्याच्या डोक्यावर हात ठेवलात आणि पंगतीत वाढायला निघून गेलात. लग्नघरी पाहुणी असून वाढायला लागलात, तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्याच्या स्वतःच्या लग्नात तर करोनामुळे पन्नास माणसांची अट होती आणि दादा आजारी. मला तेही बरंच वाटलं.

यंदा दिवाळीला केदार आणि सायली बंगळूरहून आले. सायलीला मार्चमध्ये बाळ होणार आहे. फोनवर हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता सांगते. भाऊबीजेच्या दुपारी जेवणं झाली होती. सायली जुना अल्बम बघत बसली होती. तुमच्या मांडीवर केदार, डोळ्यांत ढीगभर काजळ, तो फोटो तिने वर धरला.

"ह्या कोण?"

"माझी मोठाई," केदार म्हणाला. पंचवीस वर्षांनी तो शब्द घरात आला. "मला तिनेच सांभाळलं. सहा वर्षांचा होईपर्यंत."

"मग आता कुठे असतात?"

"मिरजेला. तिला कंटाळा आला असेल माझा." असं म्हणून तो हसला. "एकदा गेलो तर गेलो. एक फोन नाही, पत्र नाही. मी विचार करायचो, मी काय केला होता?"

त्याचं मराठी असंच आहे, वहिनी, इथे वाढलेल्या मुलांसारखं. काय केलं होतं म्हणायचं तर काय केला होता म्हणतो. एरवी मी सुधारते. त्या दिवशी सुधारलं नाही.

तो पुढे सायलीलाच सांगत होता, "अमेयदादाच्या लग्नात भेटली ना, तेव्हा मी मुद्दाम काकू म्हणालो. तिला लागावं म्हणून. तिला काही लागलं नाही."

मी उठले. आतल्या कपाटातून शालू काढला. पत्रं घेऊन बाहेर आले आणि त्याच्यापुढे टीपॉयवर ठेवली. ह्यांना फोनचं ठाऊक होतं, पत्रांचं नव्हतं. ह्यांनी वरचं पत्र उचललं, तुमचं अक्षर बघितलं आणि परत ठेवून दिलं. "विनीता," एवढंच म्हणाले आणि गॅलरीत गेले.

केदारने सगळी वाचली. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होता. अडला की सायलीला विचारायचा. ती नागपूरची आहे, तिने काही शब्द सांगितले. शेवटचं पत्र दोनच ओळींचं आहे, तुम्हाला आठवत असेल: "बाळा, तू रमलास हे ऐकून बरं वाटलं. आता लिहीत नाही, अभ्यास कर." ते त्याने मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पत्रं तारखेप्रमाणे लावली, आणि विचारलं, "मी तिची आठवण काढायचो, हे तिला माहीत आहे?"

"नाही."

"तिला काय माहीत आहे?"

"की तू विसरलास."

त्याने पत्रांची चळत आपल्या पुढ्यात ओढली. मग म्हणाला, "मी आजच निघून जाऊ शकतो मिरजेला. पण मग ती म्हणेल, काही नाही रे बाळा, हरकत कसली. आणि तुला माफ करून टाकेल, माझ्याकडे बघून. ते नको. आधी तू तिला सांग. सगळं. मग मी जातो."

पंचवीस वर्षं तुमच्याशी धड बोलला नाही, आणि तुम्ही काय म्हणाल हे त्याला असं तोंडपाठ.

म्हणून हे पत्र. त्याला पाच आठवडे झाले. तो दर रविवारी मला विचारतो, "लिहिलंस?" रागाने नाही. मी सांगते, लिहितेय. मागच्या आठवड्यात ऑफिसात मी ॲग्नेसदींना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, झालं ते झालं. त्या म्हणाल्या, "पत्रात माफी मागू नकोस. माफी मागितलीस की तिला उत्तर द्यावं लागेल, आणि ती चांगली बाई आहे, ती 'मुळीच नाही' म्हणेल. जे घडलं ते फक्त सांग." म्हणून मी माफी मागत नाही, वहिनी. मनात काय आहे ते तुम्ही जाणा. तुम्हाला राग येईल तो येऊ द्या. यायलाच हवा. मला त्याचं उत्तर नको, फोनवर बरं वाटेल असं काही बोलू नका. जमलं तर एकदा खरं बोला, मी ऐकेन.

तुमची पत्रं केदारकडे आहेत. मी मागितली नाहीत, त्याने दिली नसती. सायली सांगत होती, तो आता तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतो, पांढरं पिल्लू कुठे गेलं ते कुठल्याच पत्रात नाही म्हणून अस्वस्थ होतो.

त्याचा नंबर या कागदाच्या मागे लिहिला आहे, एकेक आकडा सुटा. रविवारी सकाळी तो घरीच असतो. मी त्याला कळवलंय की पत्र आज टाकते आहे. आठ-दहा दिवसांत मिळेल. तो वाट बघेल, पण फोन केलाच पाहिजे असं नाही. तुम्हाला नसेल करायचा तर नका करू. तुमच्या वतीने मी त्याला काही सांगणार नाही, आणि त्याच्या वतीने तुम्हाला काही नाही. सव्वीस वर्षं होत आली. तुम्हां दोघांच्या मध्ये आता मी नाही.

विनीता